कोम्सोमोल नेमकी कधी संपली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सोव्हिएत युनियनच्या कम्युनिस्ट युवक संघटनेत, म्हणजे कोम्सोमोलमध्ये, १९८५च्या सुमारास ४ कोटींहून जास्त सदस्य होते. सप्टेंबर १९९१मध्ये दोन दिवसांच्या अधिवेशनात ती बरखास्त झाली. मग तिला गोर्बाचेव्हच्या धोरणांनी मारलं, की ती आधीच मेलेली होती? आणि आपल्याकडच्या डाव्या युवक संघटना रोडावल्या त्याही याच कारणांनी का?

दुसऱ्या भागाचं उत्तर छोटं आहे, ते शेवटी देतो. पहिल्या भागात सदस्यसंख्या म्हणजेच ताकद असं तुम्ही गृहीत धरलंय, आणि सगळा घोळ तिथे आहे. शाळेच्या हजेरीपटावरून वर्गात अभ्यास किती चालतो ते कळत नाही, तसंच हे. संघटनांचे जुने कागद वाचताना मी सदस्यसंख्या सगळ्यात शेवटी बघतो. आधी तीन गोष्टी तपासतो: आत यायला काय लागत होतं, बाहेर राहिलं तर काय गमवावं लागत होतं, आणि खालच्या शाखेचा चिटणीस सदस्यांना बांधील होता की वरच्या समितीला. कोम्सोमोलला या तीन कसोट्या लावल्या की दिसतं ते असं: ती वाढत गेली तसतशी संपत गेली, आणि १९८७नंतर तिच्या पूर्णवेळ कार्यकर्त्यांना तिच्यातून बाहेर पडण्याचा फायदेशीर रस्ता सापडला. सदस्य तोवर मनाने कधीच निघून गेले होते.

सुरुवात २९ ऑक्टोबर १९१८ला मॉस्कोतल्या पहिल्या अधिवेशनाने झाली. यादवी युद्ध पेटलेलं होतं आणि सदस्य होते सुमारे २२ हजार. दोन वर्षांत हा आकडा ४ लाखांवर गेला. युद्ध संपून १९२१मध्ये खाजगी व्यापाराला काहीशी मुभा देणारं ‘नवं आर्थिक धोरण’ आलं तसा तो घसरून १९२२मध्ये अडीच लाखांच्या आसपास आला. या घसरणीला मी फार महत्त्व देतो. लोक पटलं तर येत होते आणि पटेनासं झालं की निघून जात होते, एवढं तिच्यातून कळतं. अशा संघटनेचा आकडा काहीतरी खरं सांगतो. १९८५च्या ४ कोटींबद्दल तसं म्हणता येत नाही.

तेव्हाचं नेतृत्वही खरोखरच तरुण होतं. संस्थापकांपैकी लाझार शात्स्किनचा जन्म १९०२चा, आणि विशीच्या आतच तो संघटनेच्या सर्वोच्च नेतृत्वात होता. पन्नास वर्षांनी काय चित्र होतं बघा: १९६८मध्ये येव्हगेनी त्याझेल्निकोव्ह प्रथम सचिव, म्हणजे संघटनेचे प्रमुख, होतात तेव्हा चाळिशीचे आहेत, १९७७मध्ये बोरिस पास्तुखोव्ह ४३ वर्षांचे. सामान्य सदस्याला वयाची मर्यादा होती (१९५४पासून १४ ते २८), पदाधिकाऱ्यांना ती लागू नव्हती.

१९२०च्या दशकात संघटनेत खरे वाद होत. १९२५मध्ये पक्षात लेनिनग्राडचा नेता झिनोव्हिएव्ह विरुद्ध स्टालिन अशी फूट पडली तेव्हा लेनिनग्राडची कोम्सोमोल झिनोव्हिएव्हच्या बाजूने उभी राहिली आणि त्यासाठी तिचं नेतृत्व बदललं गेलं. १९२६मध्ये संघटनेला पूर्ण नाव मिळालं: अखिल-संघीय लेनिनवादी कम्युनिस्ट युवक संघ. १९२८पासून तिच्या टोळ्या सरकारी कचेऱ्यांवर, दुकानांवर धाडी घालून ढिलाई उघडी पाडत. या टोळ्यांना ‘हलकं घोडदळ’ म्हणत. याच पोरांनी मग सामूहिकीकरणात, म्हणजे शेतकऱ्यांच्या जमिनी सामूहिक शेतांत ओढण्याच्या मोहिमेत, खेड्यांतून धान्य जप्त केलं, हेही विसरू नये. ही चळवळ जिवंत होती म्हणजे सोज्वळ होती असं नाही. मॅग्नितोगोर्स्कचा पोलाद कारखाना, मॉस्कोची मेट्रो, १९३२मध्ये अमूर नदीकाठी वसवायला घेतलेलं कोम्सोमोल्स्क शहर, या कामांवर गेलेल्यांत उत्साह होता हे खरं. पण कोम्सोमोल्स्कच्या बांधकामात कैद्यांचे श्रमही मोठ्या प्रमाणात होते, आणि ती बाजू गौरवग्रंथांत नसते.

पहिला मोठा सांधा माझ्या मते १९३६ ते १९३९ हा आहे. एप्रिल १९३६च्या दहाव्या अधिवेशनात संघटनेची घटना बदलली. भर राजकारणावरून शिक्षण-संस्कारांवर आला आणि प्रवेशाच्या वर्गीय अटी सैल झाल्या. तेव्हा सुमारे ४० लाख असलेले सदस्य १९३९पर्यंत ९० लाखांच्या घरात गेले. याच काळात वरचं नेतृत्व कापलं जात होतं. १९१८ ते १९३८ या वीस वर्षांत सात प्रथम सचिव झाले. त्यांतल्या सहांना १९३७ ते १९३९ दरम्यान गोळ्या घातल्या, त्यांत शात्स्किनही होता. सातवा, अलेक्सांद्र मिल्चाकोव्ह, कैद्यांच्या श्रमछावण्यांतून जिवंत परतला. शेवटचा होता अलेक्सांद्र कोसारेव्ह. त्याला नोव्हेंबर १९३८मध्ये मध्यवर्ती समितीच्या बैठकीत स्टालिनच्या उपस्थितीत पदावरून काढलं आणि फेब्रुवारी १९३९मध्ये मारलं. सदस्य दुप्पट झाले आणि स्वतःचं मत असलेली नेतृत्वाची पिढी नाहीशी झाली, दोन्ही तीन वर्षांत. खालच्या चिटणिसाने यातून जो धडा घ्यायचा तो घेतला: वरून येईल ते करा, खालून येईल ते कळवू नका.

मग संघटना तिथेच मेली का? नाही, आणि इथे सरळसोट उत्तर देणाऱ्यांशी माझं जमत नाही. दुसऱ्या महायुद्धाने तिला पुन्हा जीव दिला. जर्मनांनी व्यापलेल्या प्रदेशात, युक्रेनमधल्या क्रास्नोदोनच्या तरुणांनी १९४२-४३मध्ये चालवलेला गुप्त गट, मॉस्कोजवळ फाशी गेलेली झोया कोस्मोदेम्यान्स्काया, यांच्या कथा नंतर प्रचाराने कितीही रंगवल्या असल्या तरी मुळातला त्याग खरा होता. १९५४मध्ये ख्रुश्चेव्हने कझाकस्तानातली पडीक जमीन लागवडीखाली आणायची हाक दिली, तेव्हाही कोम्सोमोलच्या चिठ्ठीवर ३ लाखांहून अधिक तरुण गेले. तंबूत राहिले, नांगरट केली, १९५६ला विक्रमी पीक काढलं. पण जमिनीची निगा न राखता गवताळ प्रदेश उकरल्यामुळे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला वाऱ्याने माती उडाली आणि १९६३चं पीक बुडालं. तरुणांचा उत्साह आणि वरच्यांचं नियोजन यांच्यातलं अंतर तिथे पहिल्यांदा उघड्यावर आलं.

या मोहिमेशेजारी सैबेरियातल्या बैकाल-अमूर रेल्वेचं बांधकाम ठेवून बघा. एप्रिल १९७४मध्ये सतराव्या अधिवेशनातून थेट पहिली तुकडी रवाना झाली. बॅनर, भाषणं, बँड सगळं तसंच. पण तिथे लोक का टिकले हे तपासलं तर उत्तर पगारात सापडतं. दुर्गम भागाचा भत्ता मूळ पगारावर चढे, आणि काही वर्षं ठरावीक रक्कम साठवली तर मोटार विकत घेण्याचा हक्क मिळे. मोटारीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे त्या देशात हे आमिष जबरदस्त होतं. यात लाजण्यासारखं काही नाही, माणसं मेहनतीचा मोबदला घेत होती. फक्त आता त्यांना तिथे नेत होता तो पगार, संघटना नव्हे. १९८४मध्ये रुळांचं शेवटचं टोक जोडल्याचा सोहळा झाला, आणि याच मार्गावरचा सेवेरोमुइस्क बोगदा सुरू झाला २००३मध्ये.

आता १९७०-८०च्या दशकातली एक साधी शाखा जवळून बघू, कारण ऱ्हास तिथे राहत होता.

मुलगा आठवीत, १४ वर्षांचा. त्याआधी तो लहान मुलांच्या संघटनांत, आधी ऑक्टोबरिस्ट आणि मग पायोनियर, झालेला असतोच. कोम्सोमोलमध्ये येण्यासाठी अर्ज करायचा आणि दोन जुन्या सदस्यांची किंवा एका पक्षसदस्याची शिफारस जोडायची. शाळेच्या शाखेत हात वर करून मंजुरी मिळे. मग प्रकरण ‘रायकोम’कडे जाई, म्हणजे आपल्या हिशेबाने तालुका किंवा प्रभाग समितीकडे. तिथे काही मिनिटांची मुलाखत. प्रश्न ठरलेले: स्थापना कधी, लोकशाही केंद्रवाद (वरच्या समितीचा निर्णय खालच्यांवर बंधनकारक) म्हणजे काय, संघटनेला किती पदकं मिळाली? (सहा. १९२८चं पहिलं, १९६८चं शेवटचं.) मुलं ही उत्तरं आदल्या दिवशी घोकून जात. नापास क्वचितच कोणी होई, कारण त्या वर्षी किती नवे सदस्य करायचे हा आकडा शाळेलाही गाठायचा असे.

बाहेर राहिलं तर? कायद्याने सक्ती नव्हती. पण विद्यापीठात प्रवेश, चांगली नेमणूक, परदेश दौरा, या सगळ्याला वर्तनाचं शिफारसपत्र लागे आणि तरुणाच्या पत्रावर कोम्सोमोल समितीचा शब्द असे. म्हणून गिरणी-कारखान्यात काही जण बाहेर राहू शकत. उच्चशिक्षण घेणारा सहसा राहत नसे. दुसऱ्या कसोटीचं उत्तर हे.

वर्गणी विद्यार्थ्याला महिन्याला २ कोपेक (रुबलचे शंभरावे भाग), म्हणजे जवळपास काहीच नाही. पगारदाराला पगाराच्या प्रमाणात. रक्कम नगण्य, पण थकबाकी दिसली की गटाच्या चिटणिसाला वरून विचारणा होई. म्हणून पुष्कळ चिटणीस स्वतःच्या खिशातून सगळ्यांची भरून टाकत आणि सवडीने वसूल करत. वर्गणीचं रजिस्टर त्यामुळे चोख. अशा रजिस्टरावरून ‘९९ टक्के सदस्य क्रियाशील’ असा निष्कर्ष काढलेला दिसला की मी तो परिच्छेद तिथेच सोडतो.

सभाही तशाच. विषयपत्रिका वरून आलेली, वक्ते आधीच ठरलेले, ठरावाचा मसुदा तयार. मागच्या बाकावर कोणी विणतंय, कोणी पुस्तक वाचतंय. मतदानाला सगळ्यांचे हात एकदम वर, इतिवृत्तात ‘एकमताने मंजूर’. वर्षातून एकदा ‘लेनिन परीक्षा’ नावाचा प्रकार होई: प्रत्येकाने वैयक्तिक सामाजिक-राजकीय कामाची योजना लिहायची आणि वर्षअखेरीला समितीसमोर तिचा हिशेब द्यायचा. गेल्या वर्षीची योजना तारीख बदलून दिली तरी चाले, कारण समितीलाही आपला अहवाल भरायचा असे. अहवालात रकाने कशाचे? किती कार्यक्रम, किती उपस्थित, किती टक्के सहभाग. कोणाला काय वाटतं याला रकानाच नव्हता. चिटणीस कोणाला बांधील होता हे इथेच कळतं.

याच साच्यात चांगली कामंही होत, हे नोंदवायला हवं. विद्यार्थ्यांच्या बांधकाम तुकड्या १९५९मध्ये मॉस्को विद्यापीठाच्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी कझाकस्तानात सुरू केल्या आणि पुढे देशभर पसरल्या. उन्हाळ्यात गोठे, रस्ते, घरं बांधायची, बरे पैसे मिळायचे, रात्री शेकोटीभोवती गाणी. त्या पिढीतली माणसं आज कोम्सोमोलची हळहळत आठवण काढतात ती बहुधा या उन्हाळ्यांची असते. तुम्ही मुलाखती वाचणार असाल तर माणूस नेमकं काय आठवतोय हे पाहा: तुकडी की सभा. अनुभव जागेवर फार अवलंबून होता. लहान गावात नाचाचा हॉल, खेळाचं साहित्य, सहली कोम्सोमोलच्याच हातात होत्या, तिथे ती उपयोगाची होती. मॉस्को-लेनिनग्राडच्या संस्थांत ती निव्वळ कागद होती.

अशा अवस्थेत संघटना दशकानुदशकं टिकू शकते. ती कोसळायला दोन गोष्टी एकदम घडाव्या लागल्या.

पहिली म्हणजे बाहेर राहण्याची किंमत उतरली. गोर्बाचेव्हच्या सुधारणांमुळे १९८७नंतर अनौपचारिक गट, चर्चामंडळं, रॉक क्लब उघडपणे चालू लागले आणि शिफारसपत्राचा धाक गेला. १९९०पर्यंत सदस्यसंख्या ३ कोटींच्या आसपास आली, म्हणजे पाच वर्षांत कोटीभर लोक निसटले. बहुतेकांनी राजीनामा वगैरे दिला नाही. वर्गणी थांबवली, झालं. गंमत अशी की त्याच वर्षी संघटनेचं मुखपत्र ‘कोम्सोमोल्स्काया प्राव्दा’ २ कोटींहून अधिक प्रती खपत होतं. वाचायला काही मिळालं तर लोक पैसे मोजत होते.

दुसरी गोष्ट जास्त निर्णायक आहे आणि ती समजायला सोव्हिएत हिशेबाची एक खोच माहीत हवी. सरकारी उद्योगांकडे दोन प्रकारचा पैसा असे. एक खात्यावरचा: कच्चा माल, यंत्रं यांसाठी एका उद्योगाकडून दुसऱ्याकडे फक्त नोंदीने फिरणारा. दुसरा रोख: पगारापुरता, वरून मर्यादा ठरलेली. खात्यावरचा पैसा ढिगाने पडलेला असला तरी त्याची रोख करता येत नसे. १९८७मध्ये कोम्सोमोलच्या छत्राखाली युवकांच्या वैज्ञानिक-तांत्रिक सर्जनशीलतेची केंद्रं काढायला परवानगी मिळाली, आणि नेमकी ही भिंत ओलांडायची सवलत या केंद्रांना होती. व्यवहार असा चाले: कारखाना केंद्राशी एखाद्या संगणक प्रणालीचा किंवा आराखड्याचा करार करी आणि खात्यावरून पैसे देई. केंद्र काम करणाऱ्या तात्पुरत्या गटाला रोखीने मोबदला देई, मधला वाटा स्वतः ठेवी आणि पाठीराख्या समितीलाही हिस्सा पोचवी. काम कधी खरं असे, कधी नावापुरतं. सुटलेल्या पैशातून संगणक आणून विकले की नफा आणखी वाढे. मिखाईल खोदोर्कोव्स्की मॉस्कोच्या मेंदेलेएव्ह रसायन-तंत्रज्ञान संस्थेत कोम्सोमोल समितीचा उपसचिव होता. अशाच केंद्रातून पुढे त्याची मेनातेप बँक उभी राहिली.

इथे खालच्या आणि मधल्या पूर्णवेळ कार्यकर्त्यांचा हिशेब बदलला. पूर्वी कोम्सोमोल म्हणजे पक्षात किंवा सुरक्षा यंत्रणेत चढण्याची शिडी. शेलेपिन आणि सेमिचास्त्नी हे दोघेही कोम्सोमोलच्या प्रमुखपदावरून पुढे केजीबीचे प्रमुख झाले. स्वतः गोर्बाचेव्ह स्ताव्रोपोलच्या कोम्सोमोलमधूनच वर आले. १९८९पर्यंत ही शिडी कुठे नेईल याचा भरवसा उरला नाही. उलट हातातली इमारत, छापखाना, प्रवासी ब्यूरो, बँक खातं यांची किंमत आज होती. मग समितीचं काम सदस्य सांभाळणं हे उरत नाही, मालमत्ता सांभाळणं हे होतं. वरच्यांना हे थांबवता आलं नाही, कारण परवानगी त्यांनीच दिली होती आणि हिस्साही येत होता. १९८९च्या लोकप्रतिनिधी काँग्रेसमध्ये, म्हणजे नव्या सोव्हिएत संसदेत, कोम्सोमोलला ७५ राखीव जागा होत्या. तेवढं राजकीय वजन हाती असताना त्याचा संघटना वाचवायला उपयोग झाला नाही.

प्रजासत्ताकांचं फुटणं त्याच सुमाराचं. लिथुआनियाची कोम्सोमोल १९८९च्या उन्हाळ्यात वेगळी झाली, तिथला पक्ष त्यानंतर डिसेंबरमध्ये. एप्रिल १९९०च्या अधिवेशनात मध्यवर्ती संघटनेचा महासंघ करण्यात आला. ऑगस्ट १९९१मध्ये गोर्बाचेव्हविरुद्ध कट्टर कम्युनिस्टांनी केलेलं बंड फसल्यावर पक्षाचं कामकाज थांबवलं गेलं, आणि २७-२८ सप्टेंबरला बाविसाव्या असाधारण अधिवेशनाने संघटनेची ऐतिहासिक भूमिका संपल्याचं जाहीर केलं. मालमत्तेचा मोठा भाग तोवर केंद्रं, बँका, कंपन्या यांच्या नावावर गेलेला होता. प्रतिकार करायला कोण येणार? सदस्यांना गमवायला काही नव्हतं, पदाधिकाऱ्यांनी मिळवायचं ते मिळवलं होतं.

म्हणून तुमच्या ‘गोर्बाचेव्हने की आधीच?’ या प्रश्नाला माझं उत्तर दोन तारखांचं आहे. चळवळ म्हणून ती १९३६-३९मध्ये मोडली, युद्धात आणि १९५०च्या दशकात अधूनमधून जागी झाली, १९७०पर्यंत संपली. यंत्रणा म्हणून ती १९८७ ते १९९१मध्ये संपली, आणि त्यात गोर्बाचेव्हच्या सुधारणांचा हात नक्की आहे.

आता आपल्याकडचं. ऑल इंडिया स्टुडंट्स फेडरेशन १९३६ला लखनौत स्थापन झाली, भारतीय कम्युनिस्ट पक्षाची ऑल इंडिया युथ फेडरेशन १९५९ला, बलराज साहनी तिचे पहिले अध्यक्ष. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाची युवक संघटना डीवायएफआय १९८०ला लुधियानात. महाराष्ट्रात यांपैकी कोणाच्याही सहीवाचून कुणाचा प्रवेश किंवा नोकरी अडली नाही. त्यामुळे कोम्सोमोलचं निदान इथे चिकटवू नका. मुंबईत या संघटनांचा आधार गिरणगावातली कामगार संघटना आणि वस्ती हा होता. तो आधी राजकीयदृष्ट्या सुटला: कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांच्या खुनानंतर १९७०मध्ये झालेल्या परळच्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले, आणि गिरणगावातला मराठी तरुण कुठे चालला आहे ते दिसलं. १९८२च्या संपानंतर गिरण्याच बंद पडत गेल्या. इथे झाला तो पायाच नाहीसा होण्याचा प्रकार.

तुलना करायचीच असेल तर पश्चिम बंगालशी करा. तिथे डावी आघाडी १९७७ ते २०११ सलग सत्तेत होती आणि स्थानिक पातळीवर संघटनेच्या ओळखीला किंमत आली होती. पण त्यासाठी एकूण सदस्यसंख्येचा आलेख पुरणार नाही. १९७७पूर्वी आलेले आणि सत्ता आल्यानंतर आलेले सदस्य वेगळे काढा, आणि २०११नंतरच्या पहिल्या दोन-तीन नूतनीकरणांत प्रत्येक गटातले किती टिकले ते शाखानिहाय पाहा. नूतनीकरणाची पावती सदस्याने स्वतः फाडली की चिटणिसाने, तेही विचारा.